मीठ-कोळसा

"आला बघ तुझा भाऊ," आत्याबाई म्हणाल्या.

दारात कुणीच नव्हतं. सोप्यातली ट्यूब मिचमिचली होती, एवढंच. ट्यूब मिचमिचली, पंखा कण्हला किंवा मिक्सर मधेच दमला, की आत्याबाई हेच म्हणायच्या. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्याला मामा. घरातलं लाईटचं नवं काम माझ्या भावानं, संपतदादानं केलं होतं. म्हणून लाईटनं केलेली प्रत्येक आगळीक दादाची, आणि तिची बोलणी खायची मी.

"उद्या येतोय की तो," मी भाकरी थापता थापता म्हणाले. "निरोप धाडलाय मी."

"येऊ दे. परवा वैजूच्या साखरपुड्याला पावणं यायचं हायती. त्यांच्या म्होरं ही लाईट अशी मिचमिचली ना, तर तुझ्या भावाच्या सगळ्या वायरी उपटून त्याच्या पिशवीत घालीन. आन् त्याच्याच गाडीवर तुला बी बसवून दीन. बसा दोघं म्हायेरात उजेड पाडत."

वैजू म्हणजे माझी नणंद, वैजयंता. ती बिचारी मान खाली घालून लसूण सोलत राहिली. मामा सोप्यात तंबाखू मळत होते. त्यांनी ऐकलं आणि चिमूट तोंडात टाकली. आणि हे, म्हणजे माझा नवरा, ताटावर बसले होते. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि खाल्ला. हूं नाही की चूं नाही. सगळा गाव त्यांना 'अंकुश म्हणजे गरीब गाय' म्हणायचा. मीही तेच समजून चालले होते. आईपुढं तोंड उघडत नाहीत, स्वभावच तसा, अशी मी माझी समजूत घातली आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली, वैजूचा थोरला मुलगा मिसरूड फुटून बसलाय. पण तव्यावरची ती भाकरी मला अजून दिसते. करपली होती.

आमचं गाव जतच्या पुढं. वर वीतभर माती, खाली मुरूम. माझ्या लग्नाचं ते दुसरं वर्ष होतं. घरातल्या जुन्या वायरी उंदरांनी पार कुरतडल्या होत्या. बेंदूर झाल्यावर मीच हौसेनं म्हणाले, की माझ्या दादाला बोलवू, तो मिरजेकडं वायरमन आहे, मन लावून करील. दादा आला आणि त्यानं मन लावूनच केलं. आपल्या कामाची त्याला घमेंडही तेवढीच. "माझ्या हातची गाठ सुटली तर मिशी काढीन," असं तो येईल-जाईल त्याला सांगायचा, आणि मिशी होतीही जपण्यासारखी.

आमचा मीटर रस्त्याच्या बाजूला, गोठ्याच्या भिंतीवर होता. तिथून घरापर्यंत दादानं अंगणाखालून पाईप आणला आणि वायरी त्यातून घेतल्या. दारातल्या पायरीजवळ, त्या पाईपाला लागूनच, अर्थिंगसाठी खड्डा खणला. मुरमात तो खड्डा खणताना दादाच्या तळहाताला फोड आले. कंबरभर खोल झाला तेव्हा त्यात लोखंडी नळी उभी केली आणि भोवती मीठ आणि कोळसा भरायला घेतला, मिठाचा एक थर, कोळशाचा एक थर. मीठ मी दुकानातून आणून दिलं, कोळसे चुलीमागचे. लहानपणी अंगणात भातुकली मांडायचो तसे आम्ही दोघं भाऊ-बहीण खड्ड्याशी गुडघ्यावर बसून हसतखेळत तो भरत होतो.

तेवढ्यात आत्याबाई रानातून आल्या. डोक्यावर वैरणीचा भारा. अंगणात थबकल्या. माझ्या मुठीतल्या मिठाकडं त्यांनी बघितलं, मग खड्ड्यातल्या कोळशाकडं.

"मावशी," दादा म्हणाला, "आता ह्या घरात कुणाला कधी करंट बसायचा न्हाई."

त्या घराला वळसा घालून मागच्या दारानं आत गेल्या. भारा जड असेल, म्हणून मीही मनावर घेतलं नाही.

काम झकास झालं होतं. शेजारणी बघायला यायच्या, बटणं दाबून बघायच्या. मग पंचमी आली आणि मी माहेरी गेले. जाताना माझ्या पेटीची किल्ली ह्यांच्याकडं दिली; त्यांचा धुवट सदरा पेटीत होता आणि पंचमीला तो घालायला लागणार होता. माहेरात झोके घेतले, फेर धरले, पोटभर झोपले आणि परत आले, तर घरातली लाईट मिचमिचत होती. फ्रीजला हात लावला की बोटांना मुंग्या येत होत्या. आणि पेटीतल्या माझ्या आंबा कलरच्या साडीच्या पदराचं टोक गेलं होतं. दादानं भाऊबीजेला घातलेली साडी ती.

"उंदीर," आत्याबाई म्हणाल्या.

कात्रीनं कापावं तसं सरळ कुरतडलं होतं. पण सासरी नांदायचं तर उंदराच्याही शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. मी साडी दुमडली आणि पेटीच्या तळाशी घातली.

तेव्हापासून आत्याबाईंनी आपलं बाजलंही सोप्यातून काढून अंगणात, पायरीजवळ टाकलं. आत उकडतं म्हणायच्या. श्रावणाची भुरभुर सुरू झाली तरी डोक्यावर पोतं घेऊन तिथंच बसायच्या. मला वाटलं, माझं तोंड दिसू नये म्हणून बाहेर बसतात.

दुसऱ्या दिवशी दादा आला. गाडीचा आवाज ऐकून मी तांब्या घेऊन धावले. आत्याबाई बाजल्यावर तांदूळ निवडत होत्या. या म्हणाल्या नाहीत, बसा म्हणाल्या नाहीत. सुपातला खडा उचलून त्यांनी दादाच्या पायाजवळ टाकला.

"पाणी मागनं," दादा मला म्हणाला. त्याचा चेहरा आधीच तापलेला होता. "आधी काम बघू."

मामांनी सोप्यातूनच सुरुवात केली. "पावणं, वायर हलकी वापरली काय?"

"मामा, भणीच्या घरात हलकी वायर घालीन मी?"

"घातली न्हवं. दिसतंय की सगळ्या गावाला."

दादानं पेचकस काढला आणि बोर्ड उघडला. एकेक स्क्रू पिळून बघितला. होल्डर काढले, लावले, पंख्याची गाठ सोडली, बांधली. बाहेरून आत्याबाईंचं चालूच होतं. "शिकाऊ हुता म्हणं. भणीच्या घरात हात बसवून घेतला." वैजू मधेच चहा घेऊन आली, तर तिच्यावर ओरडल्या, की दूध काय माहेरच्या म्हशीचं आहे का.

"सगळं घट्ट हाय," दादा शेवटी म्हणाला. "माझं एक जॉईंट ढिलं न्हाई. कधीपासनं हुतंय हे?"

"पंचमीपासनं," वैजू म्हणाली.

"पंचमीला काय केलं? कुणी भितीत खिळा मारला? कुठं खणलं, उकरलं?"

आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. "पंचमीला? आवं, आमच्यात पंचमीला इळीवर भाजी सुदीक चिरत न्हाईत. कुदळ न्हाई, नांगूर न्हाई, चुलीवर तवा न्हाई. जमिनीतल्या नागोबाला लागंल म्हणून पाय बी हळू टाकतो आमी. तुमच्याकडं खणत आसतील पंचमीला."

हे दाराच्या खांबाला टेकून उभे होते. दादानं त्यांच्याकडं बघितलं. "दाजी, तुमी हुता न्हवं घरात?"

"हुतो की," हे म्हणाले, आणि बैलाला पाणी दाखवायला गेले.

दादानं मग पिशवीतून एक होल्डर काढला. त्याला बल्ब लावलेला आणि दोन वायरी सोडलेल्या. वैजूला त्यानं घरात मिक्सर चालू-बंद करत राहायला सांगितलं आणि तो बल्ब आधी गोठ्यात मीटरजवळ लावला. बल्ब एकदम शांत, डोळ्यांत तेल घालून बघितलं तरी हलेना. मग तोच बल्ब सोप्यातल्या बोर्डाला लावला. मिक्सर घुरघुरला आणि बल्बानं मान टाकली.

"म्हंजी आजार घरात न्हाई," दादा म्हणाला. "मीटरात बी न्हाई. ह्या दोघांच्या मधी हाय."

"मधी तर नुसती जमीन हाय," मामा म्हणाले.

"मग जमिनीत हाय."

त्यानं मला बोर्डाजवळ बसवलं. म्हणाला, बल्बावरची नजर काढू नको, आणि गेला की हाक दे. आणि स्वतः गोठ्यापासून दाराकडं जमिनीवर पाय आपटत निघाला. एक पाऊल, धप्प. पुढचं पाऊल, धप्प. शेजारच्या भिंतीवर बायकांची डोकी उगवली. पायलीभर तांदूळ निवडून झाले तरी आत्याबाई रिकामं सूप पाखडत बसल्या होत्या. दादा अख्खं अंगण आपटत बाजल्यापर्यंत आला, बल्ब ढिम्म.

"झाला नाच?" आत्याबाई म्हणाल्या आणि मिश्री थुंकायला उठल्या.

"गेला!" मी ओरडले.

"मी तर हाललो न्हाई," दादा म्हणाला. मग त्याची नजर बाजल्याच्या खुरांवर गेली. "मावशी, परत एकदा बसा बघू."

"मी काय तुझ्या सर्कशीतली हाय?" असं म्हणून त्या रागानं बाजल्यावर दाणदिशी बसल्या.

"गेला! गेला!"

भिंतीवरच्या बायका फिसकन हसल्या. मीही हसले, आणि महिन्याभरात पहिल्यांदा माझ्या छातीवरचं ओझं हललं. दोष दादाच्या हातात नव्हता. जमिनीत काहीतरी मोडलं होतं, ते सापडेल, जोडलं जाईल, आणि उद्या मी ताठ मानेनं पाव्हण्यांना वाढीन.

"बाजलं काढा मावशी. हितं खणायला लागंल."

"न्हाई."

"अगं, ऊठ की," मामा म्हणाले.

"मी मेले तरी उठणार न्हाई. घरात शुभकार्य हाय. दारात खड्डा पाडू देणार न्हाई मी." त्यांचे दोन्ही हात बाजल्याच्या गात्याला, कडेच्या लाकडाला, घट्ट धरलेले होते. "आन् ह्याला तर मुळीच न्हाई. ह्यो कशाला आलाय ते म्हाईत हाय मला. एक डाव माझ्या दारात मीठ-कोळसं पुरून गेला, आता काय पुरायचं ऱ्हायलंय?"

दादाला आधी कळलंच नाही. मलाही नाही.

"मी बघितलं न्हवं माझ्या डोळ्यांनी!" आत्याबाईंचा आवाज चढला. "तिन्हीसांजंच्या वक्ताला भाऊ-भण गुडघ्यावर बसून माझ्या उंबऱ्याला काळं-पांढरं पुरत हुता. थोरला मारुती बायकूच्या मागं इचलकरंजीला गेला, त्यो परत आला न्हाई. आता धाकटा तोडायचाय व्हय तुमाला? करणी करताय माझ्या पोरावर?"

आणि दादा हसला. मोठ्यांदा, मान मागं टाकून. त्या दिवशी त्यानं एवढी एकच चूक केली. माणूस एक वेळ शिवी विसरतो, हसणं विसरत नाही.

"आवं मावशी, ते अर्थिंग! सगळीकडं मीठ-कोळसाच घालत्यात. तुमच्या सोसायटीच्या गोडाऊनला जाऊन बघा, तिथं बी त्येच पुरलंय."

"सोसायटीला सून न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

पण मामा सोसायटीचे संचालक होते. गोडाऊनच्या अर्थिंगला त्यांनी उभं राहून मीठ टाकून घेतलेलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडी लाज दिसली. ते उठले, बाहेर आले आणि म्हणाले, "शालन, बाजल्याचं एक टोक धर."

मी धरलं. आत्याबाई उठल्या, पण शिव्या देत उठल्या. माझ्या माहेरच्या सात पिढ्या त्यांनी त्या चिखलात उभ्या केल्या.

दादानं मीटरजवळचा फ्यूज काढून खिशात टाकला आणि खुरप्यानं माती ओढायला लागला. चार ओढी घेतल्या आणि थांबला. "ही माती माझ्या हातची न्हाई," म्हणाला. "लई मऊ लागतीय."

तो ओढत गेला. मीठ दिसेना. कोळशाचा कण दिसेना. त्यानं एवढ्या हौसेनं उभी केलेली नळीही नव्हती. कडेला पाईप लागला, त्यावर घाव होता. टिकावाचा घाव, लांबून ओळखू यावा असा. पाईप फुटून आतली एक वायर जवळजवळ तुटली होती. केसाएवढ्या दोन-चार तारांवर तिचा जीव अडकलेला. बाजलं हललं, की त्या तारा हलत होत्या आणि अख्ख्या घराची लाईट मिचमिचत होती.

"ही बघा माझी हलकी वायर," दादा मामांना म्हणाला.

मग खुरपं कशात तरी रुतलं. त्यानं हात घालून एक काळं फडकं बाहेर काढलं. गाठ मारलेलं. सोडलं, तर आत नारळ, टाचण्या टोचलेली लिंबं, आणि पोटात टाचण्या खुपसलेली चिंध्यांची एक बाहुली. बाहुलीला साडी नेसवलेली होती. आंबा कलरची, जरीच्या काठाची.

मी ती त्याच्या हातातून घेतली. दादानं मला दिलेल्या साडीचं टोक कापून माझीच बाहुली केली होती आणि तिच्या पोटात टाचण्या खुपसून माझ्याच दारात पुरली होती. महिनाभर मी तिच्याजवळून पाण्याचे हंडे घेऊन ये-जा करत होते. माझं अन्न ज्यांच्या ताटात पडत होतं त्यांनी हे केलं होतं. मी पायरीवर बसले.

"ठिवली मीच," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे खाली घातले नाहीत, हे मात्र मान्य करायला हवं. "बुवानं सांगितलं, ज्यानं पुरलं त्याच्यावर उलटव. उलटवली. आधी कुणी पुरलं? म्या का तुमी?"

मी त्या खड्ड्याकडं बघत होते. दादासारख्या गड्याच्या हाताला जिथं फोड आले, तो मुरूम. कंबरभर खड्डा पुन्हा उपसलेला, आतली नळी उचकटून काढलेली. आत्याबाईंचा उजवा खांदा धरलेला होता. माळ्यावरचं गाडगं त्या वैजूकडून काढून घ्यायच्या.

"आत्याबाई," मी म्हणाले, "टिकाव कुणी मारला?"

त्यांनी रिकामं सूप उचलून झटकलं.

"पेटीची किल्ली कुणापाशी हुती ते मला म्हाईत हाय. टिकाव तेवढा सांगा."

कुणी सांगायची गरजच नव्हती. सगळे मागं बघायला लागले होते. गोठ्याच्या दारात हे बादली घेऊन उभे होते. बादलीतलं पाणी त्यांच्या पायावर सांडत होतं.

"आई म्हणाली…" हे पुटपुटले. "वैजू फेर धरायला गेलती," त्यांनी मामांकडं बघितलं, "आबा तालमीकडं… घरात कुणी न्हवतं. आईनं गळ्याची आण घातली."

"पंचमीला?" मामा ओरडले. त्यांचं घाबरलेलं तोंड मी कधीही विसरणार नाही. "पंचमीला जमिनीत टिकाव मारलास, अंक्या?"

सून गेली तरी चाललं असतं. नागोबाला लागलं, याचं त्यांना दुःख. पण मला त्या घटकेला मामांचाही राग आला नाही, आत्याबाईंचाही नाही. आत्याबाई माझ्या वैरी होत्या आणि वैर त्यांनी तोंडावर केलं. हे महिनाभर माझ्या हातची भाकरी आमटीत बुडवून खात होते. ट्यूब मिचमिचायची, त्यांची आई माझ्या भावाला चोर म्हणायची, मला घालवून द्यायच्या गोष्टी करायची, आणि ती का मिचमिचते हे त्या घरात ज्याला कळू शकलं असतं तो माणूस दुसरी भाकरी मागायचा. गरीब गाय म्हणे!

दादा उठला. त्याची मूठ वळलेली होती.

"दादा," मी म्हणाले, "आधी वायर जोड."

"शाले, सर बाजूला."

"वायर जोड. तुझं काम नीट हुतं हे ह्या घरानं बघितलं पायजे. मग काय ते बघू."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग खाली बसला आणि वायर सोलायला घेतली. मी वैजूला म्हणाले, "वन्सं, मीठ आण. घरात असंल तेवढं." ती धावत गेली. चुलीमागची कोळशाची पाटी मी स्वतः आणली. पडवीत गोणपाटाखाली दडवलेली नळीही सापडली. सगळं खड्ड्याशी मांडलं आणि ह्यांना म्हणाले, "या. बसा."

हे आले. आम्ही बसलो होतो तिथंच गुडघ्यावर बसले.

"मीठ घाला."

त्यांनी घातलं.

"आता कोळसा. हातानं पसरा. आता परत मीठ."

आत्याबाई पदर तोंडात धरून बघत होत्या. लेकाच्या हातून मिठाची मूठ पडली की त्यांच्या अंगावर काटा येत होता. भिंतीवरच्या बायका आता हसत नव्हत्या. शेवटी मी घागर उचलली आणि खड्ड्यात पाणी ओतलं.

दादानं फ्यूज बसवला. ट्यूब लागली. त्यानं पंखा लावला, फ्रीज लावला, वैजूनं मिक्सर फिरवला, मामांनी स्वतः जाऊन त्या जागी पाय आपटून बघितला. ट्यूब एवढीशीसुद्धा हलली नाही. मी फ्रीजला हात लावला. मुंग्या गेल्या होत्या.

"मिशी ऱ्हायली माझी," दादा म्हणाला. पण हसला नाही.

मामांनी खाकरून घसा साफ केला. "चला. झालं गेलं गंगेला मिळालं. उद्या पावणं यायचं हायती. कुणी कुठं बोलायचं न्हाई."

"न्हाई बोलणार," मी म्हणाले. "वैजूनं माझं काय वाकडं केलेलं न्हाई. उद्याचा सगळा सैपाक मी करीन, पाव्हण्यांना वाढीन, उष्टी काढीन. पावणं वाटंला लागलं की मी ह्या घरातनं निघणार. वेगळी ऱ्हाणार. ह्यांना यायचं असंल तर येतील, न्हाईतर आईपाशी बसतील."

आत्याबाईंनी थाडकन मांडीवर हात मारला.

"बघा! बघा!" त्या ओरडल्या, मामांकडं, वैजूकडं, भिंतीवरच्या बायकांकडं वळून. "काय म्हणत हुते मी? पोरगं तोडायलाच पुरलं हुतं ते! लागली का न्हाई? करणी लागली का न्हाई?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर खटला जिंकल्यासारखा आनंद.

साखरपुडा झाला. ट्यूबखाली वैजू फार गोड दिसत होती. पाव्हण्यांची जीप वळली आणि मी पेटी उचलली.

हे लगेच आले नाहीत. दिवाळी गेली, थंडी पडली, तेव्हा एका सकाळी माहेरच्या दारात येऊन उभे राहिले, काखेत वळकटी घेऊन. मी त्यांना या म्हणाले नाही, जा म्हणाले नाही. आम्ही रानात विहिरीजवळ दोन खोल्या घातल्या. आत्याबाई शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत राहिल्या, की सुनेच्या भावानं दारात मीठ-कोळसा पुरला आणि माझा धाकटा तोडला. मी ते कधी खोडून काढलं नाही.

त्या खोल्यांचं वायरिंग करायला दादा आला. वायरी ओढून झाल्यावर अर्थिंगचा खड्डा राहिला. तिथंही खाली मुरूमच. दादानं तळहातावर थुंकी टाकली आणि टिकाव उचलला. मी तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि ह्यांच्यापुढं धरला.

ह्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा दादाकडं. मग सदरा काढून कुंपणावर टाकला. मी उन्हात पाट टाकून समोर बसले. दादानं बिडी पेटवली. टिकाव पडत राहिला, मुरूम उडत राहिला. खड्डा कंबरेपर्यंत गेला तेव्हा त्यांनी घाम पुसत वर बघितलं.

"पुरं का?" त्यांनी विचारलं.

"अजून खोल," मी म्हणाले.